फिक्या ज्वारीचं तिसरं वर्ष

साहेबरावचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. साहेबराव म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, कौशल्याचा धाकटा भाऊ. वेरूळच्या अलीकडं त्यांचं गाव आहे, तिथं तो शेती बघतो. त्याचा फोन मला वर्षातून एकदा यायचा, हुरडा तयार झाला की. हे हुरड्याचे दिवस नव्हते. "बाई, आक्का गेली," तो म्हणाला. "पहाटं छातीत दुखाया लागलं. शेजारच्यांनी रिक्षात घातलं, पन दवाखाना गाठलाच नाय..." "तुमाला आधी सांगावं म्हनलं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी गॅस बंद केला, परत लावला, दूध उतू गेलं ते पुसलं, पुसलेलं फडकं पुन्हा धुतलं. त्या सगळ्या वेळात माझ्या मनात दुःख नव्हतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. मनात एवढंच होतं, की आता पत्र लिहून काय उपयोग?

त्याच्या नऊच दिवस आधी मी तिच्याकडं गेले होते. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली होती, पण कौशल्याला विश्रांती कशी घेतात ते कधी कळलंच नाही. ती चहा उभ्यानं करायची आणि उभ्यानंच प्यायची. त्या दिवशीही बोलता बोलता तिनं गॅलरीतल्या कुंड्या सरकवल्या, दाराची कडी तपासली, कोथिंबीर निवडली. "बस गं जरा," मी म्हणाले, तर म्हणाली, "बसले की पाय दुखतात." मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि चपला घालताना विचारलं, "निमे, ते पत्र लिहिलंस?" मी म्हणाले, "लिहिते." तिनं नुसतं "हं" केलं. तेच शेवटचं बोलणं. जिना उतरताना मला राग आला होता, तिचा आणि माझा, दोघींचाही.

पत्राचं सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं. आम्ही दोघी इथंच वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. माझं घर उस्मानपुऱ्यात. वडील पोलीस अॅक्शनच्या आधी निजामाच्या कचेरीत कारकून होते, उर्दूत लिहायचे. कौशल्या वसतिगृहात राहायची आणि रविवारी आमच्याकडं जेवायला यायची. वडील तिची वाट बघत. तिच्या बोलण्यात फिकीर, जल्दी, हुन्नर असे शब्द सहज यायचे. वडील म्हणायचे, या पोरीच्या तोंडी आमची जुनी कचेरी अजून चालू आहे. वर्गातली बाकीची मुलं तिच्या 'लई' आणि 'नाय'ला हसायची. तिनं भाषा बदलली नाही. पुढं तीस वर्षं शिकवलं तेही त्याच बोलीत.

तिला वनस्पतीत रस कशाचा, तर पानाला उन्हाचं काय करावं लागतं याचा. ती एक प्रयोग करून दाखवायची, पुढं आपल्या विद्यार्थ्यांनाही दर वर्षी दाखवायची. पालकाची पानं स्पिरिटमध्ये वाटायची, गाळून हिरवागार रस काचेच्या नळीत भरायचा आणि खोली अंधारी करून त्यावर प्रखर दिवा सोडायचा. बाजूनं बघितलं की हिरवा रस रक्तासारखा लाल दिसायचा. मुली दचकायच्या. मग ती सांगायची, "पानात हरितद्रव्य मोकळं नसतं. प्रथिनांनी त्याला धरून ठेवलेलं असतं, जिथल्या तिथं, ओळीनं. ऊन टिपायचं आन पुढं द्यायचं, आतल्या कामाच्या जागेपतुर, हे त्या प्रथिनांचं काम. स्पिरिटनं ती प्रथिनं मोडली. आता ह्याला ऊन घेता येतंय, पन द्यायला पुढं कुनी नाय. मग ते लाल होऊन बाहेर टाकतंय."

पण तिचा खरा जीव होता त्या प्रथिनांच्या दुसऱ्या कामावर. झाडाला ऊन हवं हे शाळेत सगळेच शिकतात. ऊन जास्तही होतं, हे कौशल्याला तिच्या रानात लहानपणीच दिसलं होतं. जमिनीतली ओल कमी झाली की पान आपली रंध्रं मिटून घेतं. हवा आत येत नाही, अन्न तयार करण्याचं काम मंदावतं, पण वरून ऊन तेवढंच पडत राहतं. वापरता न येणारं ते ऊन पानाच्या आतच नासधूस करायला लागतं. अशा वेळी हीच प्रथिनं आपली ठेवण जराशी बदलतात आणि जास्तीचं ऊन पुढं न देता उष्णता करून सोडून देतात. आभाळ आलं की पुन्हा पहिल्यासारखी होतात. "जे घ्यायला बसलंय, त्यालाच टाकून बी देता आलं पाहिजे," ती म्हणायची. "नुसतं घेत राहिलं की पान करपतं."

मला इथल्याच एका महाविद्यालयात नोकरी लागली, लग्न झालं. कौशल्यानं लग्न केलं नाही. पुढं मला संशोधनाचा एक प्रकल्प मिळाला, तेव्हा मी तिला बोलावलं. प्रकल्पावर काम करायचं आणि त्यावरच पीएच.डी. करायची असं ठरलं. विषय तिनंच आणला. त्यांच्या रानात शाळूमध्ये, म्हणजे रब्बीच्या ज्वारीत, दर वर्षी काही ताटं फिकी निघायची, पोपटी-पिवळसर. अशक्त म्हणून खुरपणीत ती उपटून टाकत. कौशल्यानं साहेबरावला सांगून ती राखली, त्यांचं बी वेगळं धरलं, वाढवलं. आम्ही तपासलं तर त्या पानांत प्रकाश टिपणारी प्रथिनं नेहमीच्या ज्वारीपेक्षा कमी होती. म्हणजे ती पानं मुळातच ऊन कमी घेत; ऊन जास्त झालं तरी ओझं कमी, आणि वरच्या पानांनी न घेतलेला उजेड खालच्या पानांना मिळायचा.

ती दोन वर्षं आठवली की मला आजही हुरूप येतो. कौशल्या पहाटेच्या एस.टी.नं गावाकडं जायची, भर दुपारी शेतात पानांना चिमटे लावून मोजणी करायची आणि बर्फाच्या डब्यात पानं घेऊन संध्याकाळी प्रयोगशाळेत यायची. आम्ही खिडक्यांना काळे पडदे लावून, थंड खलबत्त्यात ती वाटत बसायचो. म्हणजे मी बसायचे. दोन्ही वर्षं पाऊस लवकर उघडला, रब्बीत पाण्याची ओढ बसली, ऊन कडक पडलं. दोन्ही वर्षं फिकी ज्वारी हिरव्या ज्वारीपेक्षा चांगली भरली. मी शोधनिबंधाचा मसुदा लिहायला घेतला. प्रपाठकपदाची मुलाखत जवळ आली होती आणि माझ्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षापासून आभाळ आलं ते हटेचना. सकाळी धुकं, दुपारी मळभ. फिकी ज्वारी उंच झाली पण दाणा धरेना. साधी गोष्ट होती. ऊनच कमी, त्यात टिपणारी प्रथिनंही कमी. कडक उन्हात जे हलकं ओझं होतं, तेच आता कमी पडत होतं. त्यातच भारनियमन सुरू झालं. एका सोमवारी प्रयोगशाळेतले हमीदभाई दारातच म्हणाले, "बाई, फ्रीजर तो परसों से बंद है." तिसऱ्या वर्षाची सगळी गोठवलेली पानं सडली होती. कौशल्या डोकं धरून उभी राहिली. मला मात्र, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

कारण आता कारण मिळालं होतं. मी तिला म्हणाले, तिसऱ्या वर्षाचे नमुने खराब झाले, तेव्हा ते वर्ष धरता येत नाही. दोन वर्षांवर निबंध पाठवू. ती म्हणाली, "पानं सडली. कनसं कुठं सडली? कनसांचं वजन केलंय ना." मी म्हणाले, प्रथिनांची मोजणी नसेल तर नुसत्या वजनाला अर्थ नाही, ते वर्ष अपवाद होतं. ती पुस्तकांच्या कपाटापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. थांबली आणि म्हणाली, "निमे, तिसरं साल बी त्याच रानातलं हाय. ते काय सावत्र नाय."

"पुढच्या निबंधात घालू की."

"पुढचा कोन लिहितंय? लोक ह्योच वाचतील. जिथं आभाळ असतं तिथं बी पेरतील."

"कौशल्या, माझी मुलाखत आहे."

ती दारापर्यंत जाऊन परत आली. मग म्हणाली, "मग माझं नाव काढ."

मी नाव काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, शेतातलं काम जिनं केलं तिचं नाव का नाही. तेव्हा सगळ्या लेखकांच्या सह्या लागत नसत. निबंध दोघींच्या नावानं छापून आला. त्यात तिसऱ्या वर्षाचा एक शब्द नव्हता. अंक हातात पडला त्या दिवशी कौशल्यानं तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडं न इचारता कुनाचं नाव असं लावत नसतेत." महिन्याभरात ती प्रकल्प सोडून गेली. पीएच.डी.ही सोडली, कारण प्रबंधात तोच निबंध पहिला लावावा लागला असता. एका कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका झाली. मी प्रपाठक झाले.

पुढं अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. एवढ्याशा शहरात हे सोपं नसतं. गुलमंडीत, लग्नकार्यात ती दिसायची. मी रस्ता बदलायचे, ती बदलायची नाही. मग माझे वडील गेले. तिसऱ्या दिवशी ती आली, वडिलांच्या खोलीत जाऊन आली, मोरीवर पडलेले सगळ्यांचे कप धुतले आणि निघताना म्हणाली, "रविवारी येते." तेव्हापासून पुन्हा येत राहिली. मी एकदा धीर करून विचारलं, तू तेव्हा कुणाला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. तुझं तूच सांगितलं तर तुझंच राहतं ते." त्या मासिकाला एक दुरुस्तीचं पत्र पाठवायचं, तिसऱ्या वर्षाची वजनं द्यायची, बस. मी हो म्हणाले. मग निवृत्तीनंतर लिहू असं ठरवलं. निवृत्त झाले. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग मुलीकडं पुण्याला गेले... कारणं संपत नाहीत. तीही मागं लागायची नाही. एकूण तीन-चार वेळा विचारलं असेल.

यंदा तिनं विचारलं त्याला कारण होतं. तिची एक जुनी विद्यार्थिनी, अश्विनी, आता फिक्या पानांच्या ज्वारीवरच संशोधन करते. आमचा निबंध वाचून तिनं विषय घेतला आणि एका ढगाळ हंगामात तिचं सगळं पीक हलकं निघालं. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. पुढच्या हंगामात पुन्हा केलं. मग मला ईमेल पाठवून विचारलं, तुम्हाला कधी असा अनुभव आला होता का? मी उत्तर दिलं नाही. चार महिने दिलं नाही. शेवटी तिनं कौशल्याला विचारलं आणि कौशल्यानं खरं ते सांगितलं. मला म्हणाली, "दोन सालं गेली तिची, निमे." आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

शोकसभा माझ्या जुन्या महाविद्यालयात, आमच्याच विभागात झाली. भिंतीला टेकवलेला फोटो, हार, उदबत्ती. विभागप्रमुख नवे आहेत, ते कौशल्याला कधी भेटले नव्हते. त्यांनी इंटरनेटवरून तिचं नाव शोधलं असणार, कारण त्यांनी भाषणात तोच निबंध काढला. मराठवाड्याच्या ज्वारीवरचं मोलाचं काम म्हणाले. त्यांच्यानंतरच्या दोघांनीही तेच म्हटलं. ज्या कागदावरून आपलं नाव काढ म्हणून तिनं सांगितलं होतं, ज्याच्यापायी शिक्षण सोडलं, तोच कागद तिच्या आयुष्याची कमाई म्हणून वाचला जात होता आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. मग मला बोलायला सांगितलं. मी तिच्या साधेपणाबद्दल बोलले. विद्यार्थ्यांवरच्या मायेबद्दल बोलले. चार-पाच मिनिटं बोलून खाली बसले. शेवटच्या रांगेत अश्विनी होती. ती माझ्याकडं एकटक बघत होती. सभा संपल्यावर मी तिला गाठायला वळले तोवर ती निघून गेली होती.

घरी आले आणि बसवेना. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहिलं. इतकी वर्षं जे डोंगराएवढं वाटत होतं, ते दीड पानात बसलं. अश्विनीलाही लिहिलं, तिचं एका ओळीचं उत्तर आलं, 'मिळालं.' मासिकाचं उत्तर आठवड्यानं आलं, सभ्य भाषेत. दुरुस्ती छापायला हरकत नाही. मात्र सोबतचा कागद भरून सही करून, स्कॅन करून पाठवा. त्यात दोन गोष्टी हव्या होत्या. एक, सहलेखिकेची संमती, ती हयात नसल्यास जवळच्या नातेवाइकाची. दोन, माहिती वगळण्याचं कारण.

नातेवाईक म्हणजे साहेबराव. मी तो कागद घेऊन गावी गेले. शाळू नुकता वीतभर झाला होता. साहेबरावनं ओसरीवर सतरंजी टाकली, त्याच्या बायकोनं, गयाबाईनं, पाणी आणलं. "सही कशावर करायची?" त्यानं विचारलं. मला वाटलं होतं, थोडक्यात सांगून भागेल. पण इंग्रजीतला कागद पुढं ठेवून 'इथं करा' म्हणायला जीभ रेटेना. तेवढं तरी मी शिकले होते. मी सगळं सांगितलं. फ्रीजर, मुलाखत, तिचं नाव, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तिसरं साल म्हंजे ते आभाळाचं?"

"हो."

"त्या साली काटा मीच धरला व्हता. फिकी ज्वारी भरलीच नव्हती. कनीस हातात घेतलं तरी समजत व्हतं." जरा थांबून म्हणाला, "मग हे तुमी लिहिलंच नव्हतं? कामून?"

गयाबाई म्हणाली, "जाऊ द्या आता. मानूस गेलं."

"जाऊ कसं द्यायचं?" तो म्हणाला. बायकोकडं न बघता, माझ्याकडंही न बघता. मग म्हणाला, "आक्का म्हनायची, त्या नाय लिहायच्या. मी म्हनायचो, लिहितील, शिकल्याली मानसं हायत. ती म्हनायची, नाय लिहायच्या, तरी इचारीत राहायचं."

त्यानं खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. कारणाचा रकाना मोकळाच होता. तो मी घरी जाऊन भरणार होते, पण साहेबराव म्हणाला, "आत्ताच भरा. तुमी परत राहून द्याल." मग म्हणाला, "आतमधी आक्काची खोली हाय. टेबल हाय."

ती खोली मी कधी पाहिली नव्हती. सुट्टीत ती इथं येऊन राहायची. एक कॉट, एक ट्रंक आणि खिडकीला लागून टेबल. टेबलाच्या चारी पायांखाली विटा लावून ते छातीएवढं उंच केलं होतं. खुर्ची नव्हती. "उभ्यानंच लिहायची," गयाबाई म्हणाली. "पेपर बी असेच तपासायची. तुमाला खुर्ची आनू का शेजारून?" मी नको म्हणाले. माझे गुडघे दुखतात, तरी नको म्हणाले. खिडकीतून पूर्ण रान दिसत होतं, ऊन चढलेलं.

मी कारण लिहिलं. आधी चार ओळी लिहिल्या, नमुने, वीजपुरवठा वगैरे. त्या खोडल्या. खाली एकच ओळ लिहिली. साहेबराव दारात खोळंबला होता. दुपारची लाइट आली होती, त्याला मोटर लावायला जायचं होतं. "काय लिहिलं?" त्यानं विचारलं. मी मराठीत सांगितलं, "तिसऱ्या वर्षी फिकी ज्वारी कमी भरली होती आणि ते मला माहीत होतं."

"बास?"

"बास."

तो रानाकडं गेला. कागदाची शाई वाळेपर्यंत मी तिच्या टेबलाशी तशीच उभी राहिले.